सोनघळची विचारपूस

माणसाचं हृदय थकायला लागलं, की ते डॉक्टरच्या आधी त्याच्या आवाजाला कळतं. पंप मंदावला की शरीरात पाणी साचू लागतं. थोडं पायांत, थोडं फुप्फुसांत आणि अगदी थोडं गळ्यातल्या त्या दोन नाजूक पट्ट्यांमध्ये, ज्यांच्या थरथरण्यातून आवाज निघतो. पट्ट्या जड होतात. वाक्य पुरं व्हायच्या आत श्वास घ्यावा लागतो. हा फरक इतका बारीक असतो की घरातल्या माणसाच्या तो ध्यानातही येत नाही. रोज तोच आवाज ऐकणाऱ्या यंत्राच्या मात्र येतो, आणि तोही पायावर सूज दिसायच्या दोन-तीन आठवडे आधी.

या एवढ्याशा गोष्टीवर ‘विचारपूस’ उभी राहिली. साठी ओलांडलेल्या माणसाला रोज सकाळी एक फोन यायचा. पलीकडून गोड आवाजात कुणीतरी म्हणायचं, “नमस्कार, बरं आहे ना?” मग आपलं नाव-गाव सांगायचं आणि एका दमात जमतील तितके आकडे म्हणायचे. बस्स, संपलं काम. यंत्र आजचा आवाज कालच्या आवाजाशी ताडून बघायचं आणि या माणसाकडे नर्सनं जायला हवं की नको, ते ठरवायचं. फोनला खर्च जवळजवळ नाहीच. खर्च असतो तो नर्सच्या पगाराचा, डिझेलचा, औषधांचा. तो गरज असेल तिथंच करायचा, म्हणजे आहे त्याच पैशांत दुप्पट माणसांना उपचार मिळतील, असा हिशेब होता. हिशेब चांगला होता. रेणुका उतेकर आजही कुणी विचारलं तर तसंच सांगते, फक्त सांगताना खाली बघते.

रेणुका पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत होती. उपचार कुणाला मिळतात, कुणाला मिळत नाहीत आणि का मिळत नाहीत, हे शोधून सरकारला सांगायचं, हे तिचं काम. या कामाची गोडी तिला पुस्तकातून लागलेली नव्हती. वडील वनखात्यात, आज इथं तर उद्या तिथं. म्हणून चौथीपर्यंत ती आत्याकडे वाढली होती, सोनघळला. सोनघळ म्हणजे धरणाच्या पाण्यापलीकडचं गाव. तिथून दवाखाना गाठायचा तर आधी लाँच, मग जीप, मग एसटी. पोटात दुखायला लागलं तर माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत एकतर दुखणं थांबलेलं असायचं, नाहीतर माणूस. त्या गावाला आपल्या हातून काहीतरी मिळावं, असं तिला मनापासून वाटायचं, आणि ‘विचारपूस’च्या रूपानं ते मिळतंय अशी तिची खात्री झाली होती.

यंत्राला सुरुवातीला एक अडसर होता. निदान ‘विचारपूस’च्या समितीत सगळे, रेणुकासकट, त्याला अडसरच म्हणायचे. नोंदणीच्या वेळी घेतलेल्या आवाजाशी रोजचा आवाज जुळला तरच यंत्र पुढं ऐकायचं. नाही जुळला तर “ओळख पटली नाही” म्हणून फोन ठेवून द्यायचं. हा अडसर काढायचा की ठेवायचा, यावरून समितीच्या बैठकीत चांगलीच जुंपली. आवाजाचं सगळं शास्त्र ज्यानं बसवलं होतं तो फिरोज तांबोळी मिरजेचा, मऊ बोलणारा, पण हटायला तयार नव्हता.

“ताई, अडसर काढला तर बोलतंय कोण, हे यंत्राला कळायचंच नाही.”

“आणि ठेवला तर?” रेणुका म्हणाली. “तिनातला एक फोन नाकारला जातोय. कोण आहेत ही माणसं, बघितलंस? ज्यांच्या घरात मिळून एकच फोन आहे. ज्यांचे दात पडले म्हणून आवाज बदलला. ज्यांची नोंदणी नातवानं आपल्याच आवाजात करून टाकली. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं तीच दाराबाहेर उभी राहिली की!”

“मग मधला मार्ग काढू,” फिरोज म्हणाला. “अडसर नको. पण महिन्यातनं एकदा नर्सनं समोर बसून प्रत्येकाचा आवाज घ्यायचा. चार गोष्टी बोलणंही होईल.”

“आणि डिझेलचे पैसे कुठून आणायचे? ते वाचावेत म्हणूनच तर फोन आहे ना?”

फिरोज काही बोलणार, तेवढ्यात रेणुकानं आपलं हुकमाचं पान टाकलं. “माझी आत्या सोनघळला असते. तिच्याकडे फोन नाही, सुनेच्या फोनवर तिची नोंदणी आहे. अडसर राहिला तर सगळ्यात आधी तीच बाहेर पडेल. तिला मी काय सांगू?”

बैठकीत कुणी आपली सख्खी आत्या आणली, की आकडेवारीनं काय बोलावं? अडसर निघाला. त्या बदल्यात फिरोजनं एक छोटा नियम घातला: आवाजात एका रात्रीत फारच मोठा फरक दिसला, तर ते रेकॉर्डिंग खराब समजून सोडून द्यायचं आणि दुसऱ्या दिवसाची वाट बघायची. वारा असतो, टीव्ही चालू असतो, कधी भलत्यानंच फोन उचललेला असतो. हृदय काही एका रात्रीत इतकं बिघडत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. ते बरोबरच होतं, आणि रेणुकानं त्याखाली सही केली.

पुढच्या दोन वर्षांत ‘विचारपूस’चं नाव झालं. परगावची माणसं ती बघायला येऊ लागली. पूर्वी आरोग्यखात्याची लाँच दर आठवड्याला पाण्याकाठच्या प्रत्येक गावाला जायची, मग तिथं कुणी आजारी असो वा नसो. आता ती यंत्र सांगेल तिथं जायची. काही गावांना ती आठवड्यातून दोनदा दिसू लागली. सोनघळला मात्र दोन महिन्यांतून एकदा, कारण सोनघळची म्हातारी माणसं कमालीची ठणठणीत निघाली. साठी-सत्तरीच्या बायका एका दमात चाळीसच्या पुढं आकडे म्हणत होत्या. एका परिषदेत रेणुकानं ते पडद्यावर दाखवलं आणि हसत म्हणाली, “आमच्या सोनघळच्या पाण्याचाच गुण आहे तो.” सभागृहही हसलं. ते हसू तिला पुढं फार महागात पडणार होतं.

आणखीही एक गोष्ट झाली होती, जी तिच्या कुठल्याच अहवालात आली नाही. घरच्या माणसाच्या नावापुढं आपल्या फोनवर एक ठिपका बघायची सोय ‘विचारपूस’नं करून दिली होती. तब्येत ठीक असेल तर हिरवा, नाहीतर लाल. रेणुका सकाळी चहा पिताना आत्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका बघायची आणि निवांत व्हायची. पूर्वी ती दिवाळीला आणि मे महिन्यात न चुकता सोनघळला जायची. मग एक मे महिना हुकला, मग दिवाळीही हुकली. रविवारी फोन केला की आत्याची सून प्रणाली उचलायची. “आई बऱ्या हाइत, ताई. आत्ताच पडल्यात जरा.” रेणुका म्हणायची, “राहू दे, उठवू नकोस.” ठिपका हिरवाच असायचा.

माघ महिन्यात पाण्यापलीकडच्या एका गावी तिचं काम निघालं आणि परतताना, कुणालाही न कळवता, ती सोनघळच्या धक्क्यावर उतरली. दुपारची वेळ होती. इंदूआत्या ओट्यावर तांदळाच्या पोत्यांना टेकून बसली होती आणि बसल्या बसल्याच झोपली होती. रेणुका तिच्यासमोर उभी राहिली आणि तिचं लक्ष आत्याच्या पायांकडे गेलं. पावलं टम्म फुगली होती, जोडवी मांसात रुतली होती. रेणुका औषध देणारी डॉक्टर नव्हती, पण झोपताना आडवं पडता येत नाही याचा अर्थ काय, हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

“कोन? रेणू? आगं बाई!” आत्या जागी झाली, आणि एवढं बोलायलाही तिला मध्ये थांबावं लागलं. “बस. च्या टाकाया सांगते.”

“आत्या, आडवी का नाही झालीस?”

“आडवं पडलं का छातीवं कुनी बसल्यागत हुतंय. बसून बरं वाटतं.”

“कधीपासून होतंय हे?”

“दिवाळीपासनं आसंल. म्हातारपन हाय, दुसरं काय! तू वाळलीस किती गं. पुन्यात खाया घालत न्हाइत का?”

रेणुकानं फोन काढला. आत्याच्या नावापुढं हिरवा ठिपका होता. तिला वाटलं, फोन अडकला असेल. तिनं तो बंद करून परत चालू केला, आणि ठिपका परत हिरवाच आला. तिला सोडून गेलेली लाँच त्या दिवसाची शेवटचीच होती. उद्या सकाळच्या पहिल्या लाँचनं आत्याला न्यायचं, असं तिनं ठरवलं आणि यंत्र कुठं चुकलं असेल याचा विचार करत राहिली. यंत्र चुकलेलंच नव्हतं, हे तिला सकाळी कळलं.

प्रणाली चुलीपुढं भाकरी थापत होती. फोन भिंतीला टेकवून ठेवलेला. तो वाजला, तसं तिनं करंगळीनं दाबला आणि स्पीकरवर टाकला. “नमस्कार, बरं आहे ना?” “इंदूबाई शेलार, सोनघळ. बरं हाय,” प्रणाली म्हणाली आणि थापणं न थांबवता तिनं एका दमात आकडे म्हणायला सुरुवात केली. चाळीस ओलांडले, पंचेचाळीस ओलांडले, तेव्हा भाकरी तव्यावर गेली. “छान! काळजी घ्या,” म्हणून फोन बंद झाला. परत वाजला. “अनुसया जंगम, सोनघळ. बरं हाय.” पुन्हा तेच आकडे, तोच खणखणीत आवाज. मग “ठकूबाई शेलार, सोनघळ.” सगळ्या आळीत फोनला रेंज मिळायची ती याच स्वयंपाकघराच्या खिडकीत, म्हणून सगळ्या म्हाताऱ्यांची नोंदणी त्या एका फोनवर झाली होती.

रेणुका दारात उभी होती.

“प्रणाली, हे कधीपासून चाललंय?”

“कंचं? फोन व्हय? पयल्यापासनंच, ताई.” प्रणालीनं हसून वर बघितलं. “आई नाव नोंदवताना तेवढ्या बोलल्या. मग म्हनाल्या, ह्या वयात आकडं काय म्हनायचं, मी साळंत हाय व्हय? आन् त्यांना पहाटंचं उठवायचं कशाला? विचारपूसच तर करत्यात बिचारे. बरं हाय एवढंच सांगायचं, ते सांगते मी. अनुसयाकाकींचं आन् ठकूमावशींचं बी सांगते, त्यांना चढ चढून यायला नगं.”

तिच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. सासूचं अंघोळीचं पाणी तापवायचं, पाय चेपायचे, आल्यागेल्याशी चार शब्द बोलून सासूची खुशाली सांगायची. या घरात चांगल्या सुनेनं हेच करायचं असतं. सकाळचा फोन हे त्यातलंच आणखी एक काम होतं. वडीलधाऱ्या माणसाला कुणी फोनसाठी अंथरुणातून उठवतं का?

रेणुकानं फोन घेतला, त्या नंबरावर उलटा लावला आणि आत्याच्या तोंडापुढं धरला. “आत्या, नाव-गाव सांग आणि आकडे म्हण. एका दमात.”

“काय पोरखेळ गं,” म्हणत आत्यानं सुरुवात केली. “इंदूबाई... शेलार. सोनघळ. येक, दोन, तीन...” सातवर ती थांबली. श्वास घेतला. आठ म्हणाली आणि हात हलवून तिनं फोन बाजूला सारला.

“आवाज नीट आला नाही,” पलीकडचा गोड आवाज म्हणाला. “उद्या पुन्हा बोलू. काळजी घ्या.”

ठिपका हिरवाच राहिला. असं का झालं, हे त्या गावात फक्त रेणुकाला कळत होतं. यंत्राच्या लेखी इंदूबाईंचा आवाज म्हणजे प्रणालीचा आवाज. दोन वर्षांनी खऱ्या इंदूबाई रोजच्या फोनवर पहिल्यांदा बोलल्या, तेव्हा एका रात्रीत इतका फरक पडत नसतो म्हणून यंत्रानं तो आवाज खराब ठरवून टाकून दिला. ज्या नियमानं टाकला, त्याखाली रेणुकाची सही होती.

“तुझ्या यंत्राला माजा आवाज आवडला न्हाय जनू,” आत्या म्हणाली आणि हसली. हसताना तिला खोकला आला.

रेणुकानं अंगणात जाऊन फिरोजला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “आत्याबाईंना साध्या लाँचनं आणू नका, ऑक्सिजन लागेल. खात्याची लाँच मी पाठवायला लावतो. पण ताई, ती आज पार पलीकडच्या टोकाला आहे.”

“ठिपके लाल आहेत तिथं,” रेणुका म्हणाली.

“हो.”

लाँच दुपार कलल्यावर आली. तोवर आत्याचे ओठ काळसर पडले होते. साताऱ्याच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, सरळ बोलणारा होता. “दिवाळीत दाखवलं असतं तर दोन गोळ्यांवर भागलं असतं हो,” तो म्हणाला. रेणुकाची ओळख काय, ती काय काम करते, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. आठवड्याभरात आत्या गेली. शेवटच्या दोन दिवसांत तिला बोलता येत नव्हतं. रेणुका तिचा हात धरून बसायची आणि हुकलेली दिवाळी, हुकलेला मे महिना आठवत राहायची. दिवाळीला जरी आली असती तरी पायांकडे बघून तिला कळलं असतं. पायांकडे बघायला कुठलं यंत्र लागत नाही.

मधल्या काळात पुण्यात समिती बसली. अहवालाचा मसुदा तयार होता. ‘लाभार्थीच्या कुटुंबीयांनी खोटा आवाज दिला’ असं त्यात एक वाक्य होतं. रेणुकानं ते खोडायला लावलं. अडसर परत बसवा, असं दोघं-तिघं म्हणाले. बसवला तर हजारो म्हातारे पुन्हा दाराबाहेर जाणार होते, नाही बसवला तर प्रत्येक आळीत एखादी प्रणाली असणार होती. रेणुका म्हणाली, महिन्यातून एकदा नर्सनं समोर बसून प्रत्येकाचा आवाज घ्यावा. त्यावर अध्यक्षांनी विचारलं, “आणि डिझेलचे पैसे कुठून आणायचे?” फिरोजनं मान वर केली नाही. ‘मी सांगत होतो’ एवढं जरी तो म्हणाला असता, तरी रेणुकाला बरं वाटलं असतं. निर्णय पुढच्या अंदाजपत्रकापर्यंत लांबला. तोवर आहे ते आहे तसं चालू द्यायचं ठरलं. सोनघळला एक नर्स घाईघाईनं जाऊन सगळ्यांना तपासून आली. अनुसयाकाकींना गोळ्या सुरू झाल्या. पंधरा दिवस बंद ठेवलेले सोनघळचे फोन तेराव्यानंतर परत सुरू होणार होते.

तेरावं उरकून रेणुका निघाली, तेव्हा प्रणाली तिला सोडायला धक्क्यापर्यंत आली. नवरा नवी मुंबईला कामावर परत गेला होता, घरात आता ती एकटीच होती. रेणुकाची पिशवी तिनं हातातून सोडली नव्हती. पाणी खूप खाली गेलं होतं, लाल मातीच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. लांबून लाँच येताना दिसत होती.

“ताई, येक विचारू?” प्रणाली म्हणाली. “नर्सबाई इचारत हुत्या, फोनवर आईंच्या जागी कोन बोलायचं म्हनून. आई... माज्यामुळं गेल्या का?”

हा प्रश्न येणार, हे रेणुकाला पंधरा दिवस माहीत होतं. उत्तरही तिनं तयार ठेवलं होतं, पण प्रणालीचा सुकलेला चेहरा बघून ते तिच्या तोंडातून बाहेर पडेना. ही पोर आधीच अर्धी झाली होती. रोज पहाटे उठून सासूसाठी पाणी तापवणाऱ्या बाईला काय सांगायचं?

“नाही गं,” रेणुका म्हणाली. “तुझा काय संबंध? यंत्रच बिघडलं होतं.”

प्रणालीनं डोळ्यांना पदर लावला. दोन आठवडे धरून ठेवलेलं सगळं रडू बाहेर आलं. रेणुकानं तिला जवळ घेतलं आणि क्षणभर तिलाही वाटलं, आपण बरं केलं. मग प्रणालीनं नाक पुसलं, पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“लई घोर लागला हुता, ताई. आता बरं वाटलं.” ती जरा हसलीसुद्धा. “उद्यापासनं फोन चालू व्हनार म्हनत्यात. अनुसयाकाकींचं आन् ठकूमावशींचं मी सांगत जाईन पयल्यासारखं. तुमी काळजी करू नका.”

लाँच धक्क्याला लागली. नावाड्यानं भोंगा वाजवला. रेणुकानं त्याला हातानंच जायला सांगितलं आणि ती तिथंच पायरीवर बसली.

“प्रणाली, बस इथं. मी आत्ता खोटं बोलले.”

मग तिनं सगळं सांगितलं. आवाजावरून हृदय कसं कळतं ते सांगितलं, आकडे कशासाठी म्हणायचे ते सांगितलं, ठणठणीत आवाज ऐकून लाँच दुसरीकडे कशी वळली ते सांगितलं. आधी अडसर होता, तो राहिला असता तर तिचा आवाज पहिल्याच दिवशी नाकारला गेला असता, आणि तो आपण स्वतः भांडून काढायला लावला, हेही सांगितलं. लाँचचा आवाज पार विरला, तरी प्रणाली पाण्याकडे बघत बसली होती.

“म्हंजी,” ती शेवटी म्हणाली, “तुमाला ठावं हुतं. दुसरं कुनी बोललं तरी त्याला कळायचं न्हाय, हे ठावं हुतं.”

“हो.”

प्रणाली उठली. पिशवी तिनं रेणुकाच्या शेजारी ठेवली, सावकाश, आतलं काही सांडू नये म्हणून. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

“मग येकदा येऊन सांगायचं हुतं, ताई,” ती म्हणाली. “मी उठवलं असतं त्यांना.”